जीपीएस लावला, पण बघतंय कोण?

वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

या खेपेला बहुतेक प्रश्न गाडीत बसवायच्या जीपीएसबद्दलच आलेत, त्यामुळे बाकीचे विषय पुढच्या अंकात. पत्रं पाठवणाऱ्यांची नावं मुद्दाम गाळलीत, कारण निम्म्यांनी मालकाबद्दल लिहिलंय नाहीतर ड्रायव्हरबद्दल, आणि आपलं नाशिक काही एवढं मोठं नाही.

माझे सहा ट्रक आहेत, आडगावला ऑफिस. अंबड-सातपूरचा माल भिवंडी, पुणे, इंदूर असा जातो. सगळ्या गाड्यांना जीपीएस बसवला, वाटलं आता डिझेलची चोरी थांबेल, पण महिन्याचा डिझेलचा आकडा आहे तिथेच आहे. पैसे वाया गेले का? – वाहतूकदार, आडगाव नाका

दादा, वाया नाही गेले, पण ज्या कामासाठी लावलाय ते काम त्याचं नाहीच. जीपीएसला डिझेल दिसत नाही. त्या डबीत काय होतं तर साधारण २०,२०० किलोमीटर उंचीवर फिरणाऱ्या उपग्रहांचे सिग्नल ती फक्त ऐकते, निदान चार उपग्रह सापडले की आपण कुठे आहोत ते काढते आणि आतल्या सिमवरून तुमच्या सर्व्हरला कळवते. सोबत इग्निशनची वायर जोडली असेल तर इंजिन चालू की बंद तेही कळतं. टाकीत किती आहे, कुणी पाइप घालून काढलं का, याचा तिला पत्ता नसतो. त्यासाठी टाकीत वेगळा फ्युएल सेन्सर टाकावा लागतो, आणि तो टाकला तरी टाकी रिकामी करून थोडं थोडं मोजून भरत कॅलिब्रेशन करावं लागतं, ते नीट केलं नाही तर कसाऱ्याच्या उतारावर डिझेल टाकीत एका बाजूला गेलं की लगेच ‘चोरी’चा अलर्ट येतो आणि मालक तिकडे ड्रायव्हरवर खेकसतो. सेन्सर असला तरी आकडा बघायचा तो गाडी सपाट जागी उभी असतानाचा.

सेन्सरशिवायही एक गोष्ट आजपासून करता येईल. टाकी फुल करा, पुढच्या वेळी परत फुल करा, मधले किलोमीटर जीपीएसवरून घ्या, लिटर पंपाच्या बिलावरून. गाडीवार आणि रूटवार असं चार-सहा फेऱ्या लिहा. भिवंडीच्या रूटवर पाच गाड्यांचा अ‍ॅव्हरेज जवळपास सारखा आणि सहावीचा कमी, तर मग त्या गाडीत काहीतरी आहे, आणि ते दर वेळी ड्रायव्हरच असतो असं नाही, इंजेक्टर, टायरची हवा, चिकटलेला ब्रेक, ओव्हरलोड, काहीही असू शकतं.

आता इंजिन चालू ठेवून उभ्या राहणाऱ्या गाड्यांचं. ‘इग्निशन ऑन, वेग शून्य’ असा रिपोर्ट तुमच्या अ‍ॅपमध्ये असणारच, आयडलिंग म्हणून, उघडून बघितलाय का कधी? मोठं इंजिन नुसतं घुरघुरत ठेवलं तर तासाला दीड-दोन लिटर तरी जातं. दिवसाला दोन तास धरले, दीड लिटरचा हिशोब, डिझेल लिटरला नव्वद रुपये धरलं, म्हणजे एका गाडीचे दिवसाला २७० रुपये, महिन्याचे पंचवीस दिवस धरले तर ६,७५०, आणि सहा गाड्यांचे चाळीस हजार. तुमचा नक्की एवढाच असेल असं नाही, तुमचे तास घालून बघा. मात्र द्वारका चौकातला जाम वेगळा आणि ढाब्यावर पंखा चालू ठेवायला इंजिन चालू ठेवणं वेगळं, त्यामुळे वेळेसोबत जागाही बघा, नाहीतर जामचा राग बिचाऱ्या ड्रायव्हरवर निघेल.

पण दादा, माझं विचाराल तर तुमचे खरे पैसे ना डिझेलमध्ये अडकलेत ना ड्रायव्हरमध्ये, ते अडकलेत पार्टीच्या, म्हणजे ज्याचा माल नेता त्याच्या, गेटवर. भिवंडीच्या गोडाऊनला गाडी सकाळी सातला पोचते, टोकन घेते, आणि रिकामी होते दुसऱ्या दिवशी दुपारी. तुम्ही हॉल्टिंग, म्हणजे गाडी खोळंबल्याचे पैसे, मागता, पार्टीचा माणूस म्हणतो गाडी आलीच संध्याकाळी, मग अर्ध्यावर तोडपाणी होते नाहीतर विषयच सोडून देता, कारण पुढचा लोड त्यांच्याकडूनच घ्यायचाय. ही आपल्याकडच्या धंद्याची जुनीच दुखणी. इथे जीपीएस तुमच्या बाजूने साक्ष देतो. त्या गोडाऊनभोवती अ‍ॅपमध्ये जिओफेन्स आखून ठेवा, म्हणजे नकाशावर एक गोल, गाडी त्या गोलात शिरली की वेळ नोंदली जाते आणि बाहेर पडली की परत नोंदली जाते. बिलासोबत, पोचेसोबत (माल मिळाल्याच्या सहीच्या कागदासोबत), तो एक पानाचा रिपोर्ट लावायचा. पहिल्या बिलाला कुरकुर करतील, दुसऱ्याला करतील, पण ‘सहा वाजून अठ्ठावन्न मिनिटांनी गेटवर’ असं छापील समोर असलं की माणूस वेगळं बोलतो. आणि भाव ठरवतानाच लिहून घ्या की इतके तास फ्री आणि पुढे तासाला इतके, नुसत्या रिपोर्टला काय करता. तीन महिन्यांचा रिपोर्ट पुढ्यात घेतला की अजून एक कळतं, कोणती पार्टी भाडं चांगलं देते असं वाटतं पण गाडी दीड दिवस अडकवते, आणि कोणती भाडं कमी देते पण दोन तासांत मोकळी करते. काही लोकांना हा हिशोब बघून धक्का बसतो, जुनी पार्टी सोडायची वेळ येते.

इंदूरच्या फेऱ्यांना ई-वे बिलाचंही, म्हणजे मालासोबत लागणाऱ्या जीएसटीच्या ऑनलाइन कागदाचंही, बघा. २०० किलोमीटरला एक दिवस अशी मुदत असते, इंदूर चारशेच्या वर पडतं म्हणजे तीन दिवस, आणि गाडी सेंधव्याच्या पुढे बंद पडली तर मुदत संपायच्या आठ तास आधीपासून संपल्यावर आठ तासांपर्यंतच वाढवून घेता येते. गाडी कुठे उभी आहे ते ऑफिसात दिसत असलं तर ही वेळ चुकत नाही. रिटर्न लोडचंही तसंच, गाडी रिकामी व्हायला दोन तास आहेत हे दिसलं की तेव्हाच फोन फिरवायला सुरुवात करता येते, रिकामी झाल्यावर नाही. मोकळी गाडी परत आणणं हा सगळ्यात महागडा प्रवास असतो हे तुम्हाला मी काय सांगू.

थोडक्यात दादा, ऑफिसातल्या कुणाला तरी रोज सकाळी वीस मिनिटं तीन रिपोर्ट बघायचं काम लावून द्या: आयडलिंग, गेटवरचा वेळ आणि मोकळे किलोमीटर. सध्या तुमच्याकडे ते कुणीच बघत नसणार असं तुमच्या पत्रावरून वाटतंय.

जीपीएसचे किलोमीटर आणि गाडीच्या मीटरचे किलोमीटर जुळतच नाहीत. ड्रायव्हर म्हणतो मशीन खोटं, कंपनीवाला म्हणतो मीटर खोटं. – सातपूर

दोघंही थोडे थोडे बरोबर. डबी दर काही सेकंदांनी एक ठिपका पाठवते आणि सर्व्हर ते ठिपके सरळ रेषेने जोडून अंतर मोजतो. तीस सेकंदांना एक ठिपका असेल तर घाटातली वळणं कापली जातात आणि अंतर कमी भरतं. उलट गाडी पत्र्याच्या शेडखाली उभी असली की ठिपका इकडेतिकडे नाचतो आणि उभ्या गाडीचे किलोमीटर वाढतात. मीटरही टायर झिजले की थोडा जास्त दाखवतो, कारण झिजलेलं चाक तेवढ्याच रस्त्याला जास्त फेरे घेतं. दोन-तीन टक्क्यांचा फरक सोडून द्या, त्यावरून भांडू नका. दहा टक्क्यांचा असेल तर विक्रेत्याला सांगून ठिपक्यांमधला वेळ कमी करायला लावा आणि इग्निशन बंद असताना अंतर मोजू नको अशी सेटिंग करून घ्या. इग्निशनची वायर जोडायचीच राहून गेलेली असते, हे फार गाड्यांत बघायला मिळतं, बसवणारा पोरगा घाईत प्लस-मायनस जोडून निघून जातो.

मी सिन्नरहून ट्रेलर चालवतो. मालकाने गाडीत जीपीएस लावला त्याचं काही नाही, पण आता माझ्या स्वतःच्या फोनचं लोकेशन पण चालू ठेव म्हणतो, घरी असलो तरी. जरा चहाला थांबलो की फोन. आम्ही काय चोर आहोत का? – ड्रायव्हर, मुसळगाव

भाऊ, नाही, आणि तुमचा राग बरोबर आहे. गाडी मालकाची, गाडीत माल दुसऱ्याचा, तर गाडी कुठे आहे हे बघायचा हक्क मालकाला आहे. तुमचा फोन तुमचा आहे. काही मोठ्या पार्ट्या ‘सिम ट्रॅकिंग’ मागतात, त्यात ड्रायव्हरच्या नंबरवर परवानगीचा मेसेज येतो आणि तुम्ही हो म्हटल्याशिवाय ते चालू होत नाही. म्हणजे हो म्हणायचं की नाही ते तुमच्याकडे आहे, आणि हो म्हटलं तरी फेरीपुरतं म्हणा, पोच मिळाली की बंद. २०२३ साली देशात डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदाही झालाय, माणसाची माहिती कशासाठी घेतोय हे सांगून आणि कामापुरतीच घ्यावी हाच त्याचा गाभा आहे. तुम्ही घरी झोपलात हे मालकाला कळून त्याच्या धंद्याचं काय भलं होणार आहे? गाडीत डबी आहे ना, मग फोन कशाला, हे शांतपणे विचारा.

आता दुसरी बाजू ऐका, कारण ही डबी तुमच्याही कामाची आहे. ड्रायव्हरने दिवसाला आठ तास, आठवड्याला ४८ तास काम करावं आणि सलग पाच तासांनंतर निदान अर्धा तास विश्रांती मिळावी हे १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्यात लिहिलं होतं, कायदे बदलत आले पण आठ तासांचा हिशोब राहिलाच. कागदावर राहिला, असं म्हणाल, आणि तेही खरंच. पण आधी तुम्ही किती तास स्टिअरिंगवर होतात याचा पुरावाच नसायचा, आता तो मिनिटामिनिटाचा आहे. रात्री अकरा वाजता पार्टीचा फोन येतो ‘सकाळी सहाला न्हावाशेवाला पाहिजे’, तेव्हा ‘साहेब, पहाटेपासून गाडी चालवतोय, स्क्रीनवर बघा’ असं म्हणता येतं. अपघातात कुणी म्हटलं ट्रेलर शंभरने येत होता तर तुमचा वेग तिथे लिहिलेला असतो. गेटवर रात्र काढली तर त्याचीही नोंद होते, आणि हॉल्टिंगचे पैसे मालकाला मिळत असतील तर त्यातला भत्ता तुम्ही मागायलाच हवा.

मालक लोकांनो, तुम्हीही हे वाचत असालच. जीपीएस लावायच्या आधी ड्रायव्हर लोकांना बसवून सांगा की काय बघणार आणि काय नाही, चहाच्या वीस मिनिटांवर फोन करू नका, आणि महिनाभर ज्याचं आयडलिंग कमी आणि अ‍ॅव्हरेज चांगला त्याला रोख बक्षीस द्या. चोरून लावलेली डबी पहिल्याच आठवड्यात सापडते, मग कधी फ्यूज निघतो, कधी ‘वायर उंदराने कुरतडली’, आणि गाडी सोडून गेलेला चांगला ड्रायव्हर या दिवसांत परत मिळत नाही.

आम्ही द्राक्षं एक्स्पोर्ट करतो. कंटेनर दिंडोरीच्या कोल्ड स्टोरेजवरून जेएनपीटीला जातात. ट्रेलरवाला म्हणतो जीपीएस आहे, निश्चिंत राहा. राहू का? – पिंपळगाव बसवंतजवळून

नका राहू. ट्रेलर कसाऱ्याला आहे हे कळेल, आतली द्राक्षं किती अंशावर आहेत ते कळणार नाही. शून्याच्या आसपास ठेवायचा माल, आणि रस्त्यात जनरेटर सेट बंद पडून कंटेनर दोन-तीन तास उन्हात उभा राहिला तर मण्यांवर काय परिणाम होतो ते तुम्ही माझ्यापेक्षा जास्त जाणता, आणि तो परिणाम बंदरावर दिसत नाही, तो दिसतो युरोपात पेटी उघडल्यावर. म्हणून ट्रेलरवाल्याकडून तीन गोष्टी मागा: तापमानाचा प्रोब जो लाइव्ह आकडा पाठवेल, दार उघडलं तर कळवणारा सेन्सर, आणि जनरेटर बंद पडला की लगेच अलर्ट, तोही तुमच्या माणसाच्या फोनवर, ट्रेलर कंपनीच्या ऑफिसात नुसता वाजत राहील असा नको. पेटीत टाकायचा लॉगर (तापमान नोंदवून ठेवणारी डबी) तुम्ही टाकत असालच, पण तो फक्त झालेलं सांगतो, होत असताना काही करता येत नाही. जानेवारी ते एप्रिल गाड्यांची एवढी ओढाताण असते की या अटी भाडं ठरतानाच लिहून घ्या, फेब्रुवारीत कुणी ऐकत नाही.

माझ्या टेम्पो ट्रॅव्हलर शिर्डी-त्र्यंबक-वणी फिरतात. पासिंगला गेलो तर जीपीएस चालणार नाही म्हणाले. माझ्या मोबाईलवर तर व्यवस्थित दिसतो! – नाशिकरोड

ताई, तुमच्या मोबाईलवर दिसणं आणि आरटीओला चालणं या दोन वेगळ्या गोष्टी. प्रवासी गाड्यांसाठी केंद्रीय मोटार वाहन नियमांमध्ये १२५-एच हा नियम आहे, १ जानेवारी २०१९ पासून नोंदणी झालेल्या सार्वजनिक प्रवासी वाहनांना एआयएस-१४० मानकाचं लोकेशन उपकरण आणि इमर्जन्सी बटण लागतंच, रिक्षासारखी तीनचाकी आणि दुचाकी त्यातून वगळलीत. बाजारात मिळणारं स्वस्त मशीन गाडी दाखवतं, पण त्याला त्या मानकाचं प्रमाणपत्र नसतं, बटण नसतं, आणि ते सरकारी यंत्रणेला जोडलेलं नसतं. घेताना प्रमाणपत्राचा नंबर बघा, ‘वाहन’ पोर्टलवर तुमच्या गाडीच्या नंबरला ते उपकरण चढवून देणार का हे आधी विचारा, मगच पैसे द्या. बटण प्रत्येक रांगेला पोचेल असं बसवून घ्या आणि ते खरंच चालतं का हे पासिंगनंतरही अधूनमधून बघत जा, बऱ्याच गाड्यांत ते शोभेलाच असतं. २०२७ चा सिंहस्थ समोर आहे, तेव्हा ऐनवेळी सगळेच धावणार, आत्ताच उरकून घ्या. नॅशनल परमिटच्या मालगाड्या आणि गॅस किंवा धोकादायक माल नेणाऱ्या गाड्या चालवणाऱ्यांनीही आपलं बघून घ्यावं, त्यांनाही लोकेशन उपकरणाचा नियम आहे.

कसारा घाटात गाडी गायबच होते अ‍ॅपवरून. ड्रायव्हर बंद करतो का? – पाथर्डी फाटा

बहुतेक वेळा नाही. उपग्रह दिसत असतात, मोबाईलची रेंज नसते, त्यामुळे डबी ठिपके आत साठवते आणि रेंज आली की एकदम पाठवते. खाली उतरल्यावर मागचा रस्ता नकाशावर आपोआप भरून आला तर रेंजचाच प्रश्न, तो तुकडा कायमचाच कोरा राहिला तर वायरी तपासा, ‘पॉवर कट’ अलर्ट आला होता का ते बघा. समृद्धीवर इगतपुरीच्या बोगद्यात उपग्रहही दिसत नाहीत, तिथे ठिपका थांबला म्हणून घाबरायचं कारण नाही. आणि जुनी टूजीवाली डबी असेल तर बदला, जिओला टूजी नाहीच आणि बाकीच्यांचंही किती दिवस राहील ते बघायचं.

जाता जाता, इगतपुरीजवळच्या पिंपरी सदोवरून समृद्धी धरून भिवंडीजवळच्या आमण्याला उतरायचं की जुन्या हायवेने घाटातून जायचं हा वाद आता रोजचा झालाय, ५ जून २०२५ ला तो शेवटचा ७६ किलोमीटरचा टप्पा सुरू झाल्यापासून. ट्रॅकर असेल तर वाद कशाला घालता, त्याच गाडीने आठवडाभर हा आणि आठवडाभर तो रस्ता घ्या, टोल, डिझेल आणि लागलेले तास मांडा. भिवंडीवाल्यांना बहुधा वेळ जास्त वाचेल, वाशीवाल्यांनी स्वतःचं बघावं. समृद्धीवर अवजड गाड्यांना ८० ची मर्यादा आहे, रस्ता मोकळा दिसतो म्हणून पळवली तर वाचलेल्या वेळेचे पैसे ई-चलनाच्या दंडात जातात.

माझ्याकडे एकच पिकअप आहे, मीच चालवतो, कांदा लासलगावला नेतो. घेऊ का जीपीएस? – निफाड तालुका

तुम्हीच चालवता तर गाडी कुठे आहे ते तुम्हाला माहीत आहे की भाऊ! गाडी रात्री रस्त्यावर उभी राहत असेल आणि चोरीची भीती असेल तर घ्या, आत बॅटरी असलेली आणि दिसणार नाही अशा जागी बसवलेली. नाहीतर ते पैसे टायरला घाला.

फोनवरून इंजिन बंद करायची सोय असलेलं मशीन घ्यावं का? विक्रेता फार आग्रह करतोय. – सिन्नर

चोरीला उपयोगी आहे, पण एक अट. गाडी पूर्ण थांबलेली असतानाच इंजिन कट होईल अशी रिले (इंजिन तोडणारा स्विच) हवी, चालत्या गाडीत नाही. चालत्या ट्रकचं इंजिन उतारावर बंद केलं तर पॉवर स्टिअरिंग जातं, ब्रेकला हवा भरणारा कॉम्प्रेसरही इंजिनवरच चालतो, आणि मागे पंधरा टन माल. विक्रेत्याला समोर बसवून डेमो द्यायला लावा, मोकळ्या मैदानात गाडी हळू चालवत कट कमांड द्या, गाडी चालत असताना बंद झाली तर ते मशीन घेऊ नका. आणि तो पासवर्ड फक्त एका माणसाकडे ठेवा, १२३४ नको. तसंच करार करताना विचारा की वर्ष संपल्यावर रिन्यूअल किती, आतलं सिम कुणाच्या नावावर, आणि कंपनी बदलली तर जुना डेटा एक्सेलमध्ये मिळणार का. या तिन्हीला लेखी उत्तर मिळालं तरच पुढचं बोला.